कुस्ती कुणी जिंकली?

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात पिराचा उरूस भरायचा. उरूस हिंदूंचा की मुसलमानांचा, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नव्हता. पालखीला खांदा देणाऱ्यांत सगळे असत आणि भेंडबत्ताशांच्या दुकानापुढे तर सगळेच असत. उरसात दोन गोष्टी ठरलेल्या. दुपारी कुस्त्यांचा फड आणि रात्री तंबूतला सिनेमा. फड अब्बांचा, तंबू माझा. अब्बा तरुणपणी चांगले पैलवान होते. पुढे ते तालमीचे वस्ताद झाले. मला मात्र लाल मातीची कधी ओढ वाटली नाही. मी तंबूत पोत्यावर बसून, मान वर करून पडद्याकडे बघत राहणारा. मधल्या खांबाला लागून बायकांसाठी कनात आणि मागे घरघरणारं मशीन. सिनेमा सुरू होण्याआधी सरकारी माहितीपट लागायचा. कुठे धरण बांधलं जातंय, कुठे पूर आलाय. लोक तेवढ्यात शेंगा घेऊन येत. मला तोही आवडायचा.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. कॉलेजच्या वाचनालयात एकदा सिनेमाच्या इतिहासावरचं पुस्तक हाती लागलं. त्यात वाचलं, की भारतीय माणसानं काढलेलं पहिलं चलच्चित्र म्हणजे एक कुस्ती होती. मुंबईत मलबार हिलवर, हँगिंग गार्डनमध्ये, १८९९ साली झालेली. पैलवान पुंडलिक आणि कृष्णा न्हावी. चित्रण करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सगळे सावेदादा म्हणत. मी हरखून गेलो. अब्बांचा फड आणि माझा तंबू, दोन्ही एकाच ओळीत आले होते. सुट्टीला घरी आलो तेव्हा पहिल्यांदा अब्बांना हेच सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "बरं, मग पाडलं कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात साल होतं, जागा होती, पैलवानांची नावं होती. निकाल नव्हता. पुढे या विषयावर जे जे हाती लागलं ते वाचलं. त्यातही निकाल सापडला नाही. आज सावेदादांविषयी बोलायचं ठरवलं ते अब्बांच्या त्या प्रश्नामुळेच.

गोष्ट सुरू होते ७ जुलै १८९६ रोजी. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्यांचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईत थांबला. स्टेशनात आगगाडी येते, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, एक भिंत पाडली जाते, समुद्रात माणसं डुंबतात, एवढंच त्या चित्रांत होतं. पण चित्र हलत होतं! आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून तिकिटं लागली आणि पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स राखून ठेवले गेले. म्हणजे हॉटेलातल्या साहेबांकडून हा खेळ आठवड्यातच शहराकडे आला.

प्रेक्षकांत भाटवडेकर होते. १८६८चा जन्म, म्हणजे वय अठ्ठावीस. व्यवसाय फोटोग्राफीचा. स्वतःचा स्टुडिओ होता आणि फोटोग्राफीच्या सामानाचा व्यापारही होता. गारुड्याच्या खेळात सगळी मुलं साप बघतात, एखादा मात्र त्याच्या पोतडीकडे बघत असतो. सावेदादा हे असे पोतडीकडे बघणारे. पडद्यावरची आगगाडी बघून ते थांबले नाहीत. ती आगगाडी टिपणारं यंत्र कुठं मिळतं, याच्या मागे लागले. त्यांनी लंडनहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत एकवीस गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि त्या वेळी पौंडाचा भाव पंधरा रुपये. हिशेब केला तर तीनशे तीस रुपयांच्या आसपास जातो. त्या काळात या रकमेत एखाद्या कारकुनाचं घर कितीतरी महिने चाललं असतं.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्या. वॉटसन हॉटेलातल्या खेळानंतर दोन-अडीच महिन्यांतच मुंबईत प्लेग आला आणि पुढची काही वर्षं हटला नाही. घरं रिकामी होत होती, माणसं गाव सोडून पळत होती. अशा दिवसांत एक मराठी माणूस विलायतेहून कॅमेरा मागवतो आणि पहिलं काय टिपतो, तर दोन पैलवान! राजा नाही, देव नाही, साहेब नाही. गंमत म्हणजे पुढे मोठ्या झालेल्या दोन्ही नावांची चाहूल इथंच लागते. १९१२ साली तोरण्यांनी 'पुंडलिक' आणला आणि १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'. आमच्या या गोष्टीत चौदा वर्षं आधी पुंडलिक आखाड्यात होता आणि हरिश्चंद्र कॅमेऱ्यामागे. अर्थात हा निव्वळ योगायोग. पण माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला असे योगायोग सोडवत नाहीत.

ही कुस्ती टिपणं सोपं नव्हतं. कॅमेरा तिकटीवर घट्ट बसवलेला. हातानं दांडा फिरवायचा आणि तोही एका लयीत, नाहीतर चित्र पळतं किंवा रेंगाळतं. कॅमेरा वळवून पैलवानांच्या मागे जायची सोय नाही, म्हणून पैलवानांनीच चौकटीत राहायचं. शिवाय त्या काळच्या फिती साधारण मिनिटभराच्या. अब्बांना मी नंतर हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "मिनिटात तर सलामीच होते." खरंच आहे. कुस्ती निकाली झाली की बरोबरीत सुटली, हे कदाचित त्या फितीतही नसेल. चित्रण झाल्यावर फीत धुण्याची सोय इथे नव्हती. ती बोटीनं इंग्लंडला गेली, तिथे तयार झाली आणि परत आली. जाऊन-येऊन दीड-दोन महिने सहज गेले असतील. तोवर आपण काय टिपलंय, हे टिपणाऱ्यालाही ठाऊक नाही.

त्याच सुमारास सावेदादांनी माकडांना खेळ शिकवणारा एक मदारीही टिपला. या दोन फिती त्यांनी परदेशी चित्रांच्या जोडीला दाखवल्या. आता त्यांच्याकडे कॅमेऱ्याबरोबर प्रक्षेपण यंत्रही होतं. म्हणजे चित्र काढणारे तेच, दाखवणारेही तेच.

मग आलं १९०१ साल. दापोलीजवळच्या मुर्डीचा एक मुलगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर झाला होता. गणितातला तो सर्वोच्च मान एका हिंदी माणसाला पहिल्यांदाच मिळाला होता. डिसेंबर १९०१मध्ये रँग्लर परांजपे मुंबईला परतले, तेव्हा त्यांचं जोरदार स्वागत झालं. त्या गर्दीत सावेदादा कॅमेरा घेऊन उभे होते. हीच आपली पहिली वार्ताचित्रफीत मानली जाते. आज विमानतळावर एखादा विजेता उतरला की कॅमेऱ्यांची झुंबड उडते. त्या सगळ्या झुंबडीची सुरुवात या एका कॅमेऱ्यापाशी आहे. परांजपे पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांची कन्या शकुंतला परांजपे यांनी १९३७च्या 'कुंकू'त भूमिका केली आणि नात सई परांजपे यांनी 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' असे चित्रपट दिले. ज्यांना सावेदादांनी पहिल्यांदा टिपलं, त्यांच्याच घरात पुढे कॅमेरा पोचला.

त्याच वर्षी पारशी लोकांच्या आतश बेहरामवरचं चित्रण झालं आणि १९०३मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळातल्या राज्यारोहण सोहळ्याचं. ही यादी क्रमानं वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. सुरुवातीला पैलवान आणि मदारी. मग विद्वान. मग दरबार. चार वर्षांत कॅमेरा आखाड्यातून दरबारापर्यंत चढत गेला. यात सावेदादांना दोष देण्यासारखं काही नाही. लोक जे बघायला पैसे मोजतात तिकडे कॅमेरा वळतो, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण पहिल्यांदा, जेव्हा काय विकलं जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा या माणसाची नजर कुठे गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती आपल्यासारख्यांकडे गेली.

आता त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग. सावेदादांनी हळूहळू चित्रण सोडलं आणि ते चित्रपट दाखवण्याच्या धंद्यात गेले. बोरीबंदर स्टेशनसमोरचं गेइटी थिएटर, म्हणजे पुढचं कॅपिटॉल, त्यांनी चालवलं आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. त्यांचा कॅमेरा पुढे करंदीकरांकडे गेला आणि करंदीकर, पाटणकर, दिवेकर या मंडळींनी त्यावर आपलं काम सुरू केलं.

असं का झालं असावं? धंद्याचं गणित मांडून बघा. मिनिटभराची एक फीत काढायची तर कच्ची फीत विलायतेहून आणायची, चित्रण करायचं, धुवायला परत विलायतेला पाठवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती हाती आली की दाखवायची. लोक ती एकदा बघणार, दोनदा बघणार, तिसऱ्या वेळी म्हणणार, नवीन काय? रोजच्या खेळाला रोज नवं लागतं आणि एका माणसाचा एक कॅमेरा ते पुरवू शकत नाही. उलट परदेशी फिती तयार मिळत होत्या. १९०७मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीनं इथं आपली शाखाच उघडली. त्याच वर्षी कलकत्त्यात जे. एफ. मदन यांनी एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभं केलं. त्याआधी ते मैदानावर तंबूत खेळ करत. आमच्या तंबूवाल्यांचे पूर्वज शोभतील असे अब्दुलअली युसुफअली १९०१पासून तंबू घेऊन आग्नेय आशियात फिरत होते. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू, हजारभर माणूस मावेल एवढा. पुढे ते भारतात फिरले आणि १९१४मध्ये अर्देशीर इराणींबरोबर मुंबईत थिएटरच्या धंद्यात स्थिरावले. १९३१मध्ये 'आलम आरा' लागला तो त्यांच्या मॅजेस्टिकमध्ये. म्हणजे त्या दशकात जो तो तंबूकडून दगडी भिंतींकडे निघाला होता. पैसा चित्र काढण्यात नव्हता, ते दाखवण्याच्या जागेत होता. सावेदादा व्यापारी होते. त्यांना हे लवकर कळलं.

कुणी म्हणेल, कलावंत गेला आणि थिएटरवाला उरला. मी तसं म्हणणार नाही. माझे अब्बा वयाच्या पस्तिशीनंतर आखाड्यात उतरले नाहीत, पण फड त्यांनी सोडला नाही. ते जोड लावायचे, कुणाची कुस्ती कुणाशी हे ठरवायचे, इनामाचा हिशेब बघायचे. ते नसते तर पोरांना फड मिळाला नसता. थिएटर नसतं तर फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तरी कुठे लागला असता? तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, कारण तोवर मुंबईला पैसे मोजून पडदा बघायची सवय लागली होती. ती सवय लावणाऱ्यांत सावेदादा होते.

तरीही फाळके शाळेच्या पुस्तकात आले आणि सावेदादा सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत राहिले. फाळक्यांचं काम मोठं, यात वादच नाही. पण आणखी एक कारण आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं आज बघता येतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर या ध्येयवेड्या माणसानं ठिकठिकाणांहून जुनी रिळं गोळा केली. फाळक्यांची त्यांतलीच. ती १९१३ची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासक वाद घालतात. पण वाद घालायला निदान रिळं आहेत! सावेदादांची एकही फीत उरलेली नाही. पैलवान गेले, मदारी गेला, परांजप्यांच्या स्वागताची गर्दी गेली, दरबार गेला.

त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. पटकन पेट घेणाऱ्या आणि दमट हवेत आपसूक सडणाऱ्या. खेळ संपला की त्यांना किंमत नसे. त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी फिती वितळवल्या गेल्या. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या वर चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण उरले ते फारच थोडे. आणि जे मोठ्या मेहनतीनं जपलं होतं, त्यातलंही बरंच जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला लागलेल्या आगीत गेलं.

हे सगळं मी सरकारला किंवा सिनेमावाल्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. नावं ठेवायला मला तोंड नाही. १९९१ साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. व्हिडिओ शूटिंग तेव्हा नवीन होतं. अब्बा कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हते. शेवटी पोरांनी त्यांना मांडवात मधोमध आणलं आणि म्हणाले, वस्ताद, एकदा शड्डू ठोकून दाखवा. अब्बांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि शड्डू ठोकला. सात-आठ सेकंदांचं दृश्य असेल. ती कॅसेट आम्ही दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवली. मग व्हीसीआर बिघडला, कॅसेट कपाटावर गेली. अब्बा २००९ साली गेले. चाळिसावं झाल्यावर बहिणीला त्या कॅसेटची आठवण आली. काढून बघितली तर आत पांढरी बुरशी. शहरातल्या एका दुकानदारानं ती साफ करून सीडीवर उतरवायचा प्रयत्न केला. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आणि मागे लग्नाच्या बँडचा फाटका आवाज. शड्डू कुठे होता, ते आम्हाला अंदाजानंही सांगता आलं नाही.

त्या रात्री मला सावेदादा आठवले. आम्ही कॅसेट विकली नव्हती, जाळली नव्हती. कपाटावर ठेवली होती, एवढंच. एखादी गोष्ट नाहीशी व्हायला कुणी शत्रू लागत नाही. उद्या बघू म्हणणारी घरची माणसं पुरेशी असतात. सावेदादांनी टिपलं, दाखवलं. जपण्याचं काम त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्यांच्यानंतरच्या सगळ्यांचं होतं.

अजून आमच्या गावी उरूस भरतो. तंबू येत नाही. फड मात्र भरतो. गेल्या खेपेला बहिणीचा मुलगा मोबाइलवर एक कुस्ती टिपत होता. शेजारी आणखी पंधरा-वीस हात वर झालेले. अब्बांच्या काळात एक कॅमेरा नव्हता, आता पैलवानांपेक्षा कॅमेरे जास्त. मी त्याला म्हणालो, "अरे, नावं लिहून ठेव." तो म्हणाला, "मामू, सगळं मोबाइलमध्ये राहतंय की!" मी त्याला कॅसेटची गोष्ट सांगितली नाही, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. फक्त म्हणालो, मोबाइल तीन वर्षांत बदलशील, तेव्हा काय करशील?

मग आम्ही दोघांनी एक साधं काम सुरू केलं. तालमीत एक जाड वही ठेवली. फड झाला की त्यात तारीख घालायची, दोन्ही पैलवानांची नावं आणि गावं लिहायची. टिपलेल्या चित्रणाची एक प्रत तालमीच्या संगणकावर आणि एक दुसऱ्या घरी ठेवायची. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "पाडलं कुणी, ते."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)